गुठळी न मोडता

"बाई, चारच सह्या आहेत. पेन देऊ का?" अधीक्षकांनी विचारलं.

पेन बाईंच्या हातातच होतं. त्यांनी टोपण काढलं, पहिलं प्रमाणपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि टोपण पुन्हा लावून टाकलं.

"यात लिहिलंय, 'क्रॉसमॅच स्वतंत्रपणे करण्यास पात्र'. हे कोणी पाहिलं?"

"पाहिलं म्हणजे?"

"या चौघांना हातात ट्यूब घेऊन काम करताना कोणी पाहिलं?"

टेबलापलीकडे बसलेल्या तरुण सल्लागाराने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "मॅडम, हे गुण बघा ना. सत्त्याण्णव, शंभर, अठ्ठ्याण्णव. या एकट्या बाईंना एकाहत्तर आहेत, पण सत्तरला पास आहे."

"गुण बघितले मी. ट्यूबचं विचारतेय."

अधीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, पण सोमवारी शस्त्रक्रियेचा नवा विभाग उघडायचा होता आणि त्यासाठी रक्तपेढीत चार माणसं जास्तीची हवी होती. नव्या माणसाला तयार करायला बाई तीन आठवडे घेत. म्हणून सल्लागाराला बोलावलं होतं. त्याने तेच प्रशिक्षण संगणकाच्या पडद्यावर दोन दिवसांत बसवून दिलं होतं. चित्रं सुंदर होती, आवाज गोड होता आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी हिरवी खूण उमटत होती. राहिली होती ती फक्त प्रशिक्षकाची सही.

"शुक्रवारी दहा वाजता परीक्षा घेते," बाई म्हणाल्या. "ट्यूबवर. तुम्ही दोघंही या. जो पास होईल त्याच्या कागदावर तिथल्या तिथे सही."

"आणि नापास झाला तर?"

"तर तीन आठवडे."

"बाई, तुम्ही ना..." अधीक्षकांनी वाक्य गिळलं. रक्तपेढीत सगळे बाईंना पाठीमागे 'सावकाशबाई' म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांची त्याला काही हरकतही नव्हती.

बाईंचं काम, म्हणजे क्रॉसमॅच, सांगायला सोपं होतं. दात्याच्या लाल पेशी आणि रुग्णाचं सीरम, म्हणजे त्याच्या रक्तातला पातळ द्रव, एका छोट्या ट्यूबमध्ये एकत्र करायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं. पेशी तळाशी दाबून बसतात, लाल बटणासारख्या. मग ट्यूब हळूच तिरकी करायची. बटण धुरासारखं विरत गेलं तर रक्त जुळलं. तुकड्या-तुकड्यांनी सुटलं, गुठळ्या दिसल्या, तर जुळलं नाही. ठसठशीत गुठळी कोणालाही दिसते. पण कधी कधी ती अगदी कच्ची असते, जेमतेम धरलेली. अशा वेळी ट्यूब जरा जोरात हलली की ती मोडते, धूर होतो आणि न जुळणारं रक्त जुळणारं दिसतं. मग रक्ताची ती पिशवी वर वॉर्डात जाते आणि कोणाच्या तरी दंडातून आत. नवी यंत्रं आली होती, रोजचं बरंचसं काम तीच करत. पण यंत्र अडलं, घाई झाली किंवा शंका आली की शेवटी ट्यूब हातातच यायची.

एकतीस वर्षं बाई हे करत होत्या, त्यातली एकोणीस शिकवत. निघताना त्यांनी सल्लागाराकडे त्याचा अहवाल मागितला.

"पूर्ण? मॅडम, ऐंशी पानं आहेत. थोडक्यातलं पाठवू का?"

"पूर्णच द्या. मला वाचायची सवय आहे."

*

गुरुवारी बाईंची पाळी उशिराची होती. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या पेन्सिल घेऊन अहवाल वाचत बसल्या. नवऱ्याची पहिली शिकवणी नऊला होती. तो गाडी चालवायला शिकवत असे. गाडीच्या छतावर पाटी होती आणि त्याच्या पायाखाली त्याचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता.

"काय गं, या वयात परीक्षा?" त्याने खांद्यावरून डोकावून विचारलं.

"शिकवण्याचं नियोजन कसं करायचं, त्याचे आराखडे आहेत. तीन प्रकारचे. कुठला कुठे बरा, त्याची तुलना केलीय."

"तीन? मला तर एकच माहितीय. त्याला चाकामागे बसवायचं आणि आपला पाय आपल्या ब्रेकवर ठेवायचा."

"गप्प बसा हो. चांगलं लिहिलंय पोराने."

चांगलं लिहिलं होतं खरंच. पहिला आराखडा पायऱ्यांचा. गरज काय ते तपासा, धड्यांची आखणी करा, साहित्य बनवा, शिकवा आणि शेवटी मोजा. बाईंना त्यातली शिस्त आवडली. पण त्यांनी समासात लिहिलं, 'पहिल्या पायरीवर चुकलं की खालचं सगळं नीटनेटकं चुकतं.' दुसरा झटपट फेऱ्यांचा. कच्चं बनवा, वापरून बघा, दुरुस्त करा, पुन्हा वापरा. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं, 'कोणावर वापरून बघणार?' तिसरा उलटा होता. शेवटी माणसाला काय करता यायला हवं ते आधी ठरवा, ते आलं हे कसं ओळखायचं ते ठरवा आणि मग धड्याकडे या. इथे त्या थांबल्या. त्यांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने असलं पुस्तक जन्मात पाहिलं नव्हतं. पण पहिल्याच दिवशी त्याने त्यांच्या हातात ट्यूब दिली होती, कच्ची गुठळी मोडू दिली होती आणि म्हणाला होता, "शिकून जायच्या दिवशी ही मोडायची नाही. चल, आता शीक."

मग तुलनेचा तक्ता आला. तीन उभे रकाने, सात आडव्या ओळी. खर्च, वेळ, माणसं, सगळं वेगवेगळं. 'अंतिम उद्दिष्ट' या ओळीत मात्र तिन्ही रकान्यांत एकच वाक्य होतं: 'शिकणाऱ्याला गुठळी ओळखता येईल.'

बाईंनी 'ओळखता' या शब्दाभोवती गोल केला. पुन्हा पाहिलं आणि गोल आणखी गडद केला.

"सापडलं वाटतं काहीतरी," नवरा म्हणाला. "तुझा चेहरा झाला बघ, समोरच्याने चुकीच्या बाजूने ओव्हरटेक केल्यासारखा."

"आराखडे तिन्ही बरोबर आहेत हो. मुक्कामाचं गावच चुकीचं लिहिलंय."

त्यांनी कप उचलला. उचलता उचलता तो बशीवर दोनदा वाजला आणि थोडा चहा तक्त्यावर सांडला. दोघांनीही त्या डागाकडे पाहिलं.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. वयामुळे होतं काहींना म्हणाले. वाढलं तर या."

"मग? वाढलंय?"

बाई फडक्याने कागद टिपत राहिल्या.

"माझा पाय ब्रेकवर पोचायला उशीर करायला लागला ना," नवरा चप्पल शोधत म्हणाला, "की त्याच दिवशी गाडीच्या चाव्या खुंटीला. शिकवीन, पण बाहेर उभा राहून ओरडून."

"तुम्ही आत बसूनही ओरडताच."

तो हसत गेला. बाईंना हसू आलं नाही. रक्तपेढीत एक नोंदवही होती, त्यांनीच सुरू केलेली. ट्यूबवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा कच्च्या गुठळीची परीक्षा द्यायची, बाईंनी स्वतःसुद्धा. पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात नियम होता: 'ज्याचं नाव यंदा उत्तीर्ण आहे, त्यानेच दुसऱ्याच्या पात्रतेवर सही करावी.' यंदाच्या यादीत बाईंच्या नावापुढची जागा कोरी होती. परीक्षा मार्चमध्ये पुढे ढकलली होती. मेमध्ये पुन्हा. पोरांना शिकवताना अलीकडे त्या ट्यूब स्वतः धरत नसत, पोरांच्या हातात देत. कोणाच्या लक्षात आलं नसावं, असं त्यांना वाटत होतं.

*

शुक्रवारी दहाला प्रयोगशाळेत गर्दी झाली. अधीक्षक, सल्लागार, चार शिकाऊ आणि दुपारच्या पाळीचा दाढीवाला तंत्रज्ञ. तो बाईंचाच विद्यार्थी, यंदाच्या जानेवारीत उत्तीर्ण. परीक्षेच्या ट्यूबा त्याने बनवल्या होत्या. प्रत्येकाला पाच ट्यूबांचा संच. तीन जुळणाऱ्या, एक उघड न जुळणारी आणि एक कच्ची. कच्चीसाठी सीरम सलाइनने पातळ करत करत अशा टोकाला आणायचं की गुठळी धरेल, पण जेमतेम. कुठल्या क्रमांकावर काय, हे फक्त त्याला ठाऊक होतं.

"सुरू करण्याआधी एक विचारते," बाई सल्लागाराला म्हणाल्या. "तुमचा तक्ता मी वाचला. मला आवडला. पण ही ओळ बघा, 'गुठळी ओळखता येईल'. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सरांनीच. आणि जुन्या पुस्तिकेत पण तसंच आहे."

"पडद्यावर गुठळी तयार असते. ती डोळ्यांनी ओळखायची. इथे ती आपल्याच हाताने उघडायची असते, आणि उघडताना मोडते. म्हणून इथे लिहा, 'न मोडता बघता येईल'. मग तिन्ही रकाने पुन्हा भरा. दोन दिवस पुरतात का बघा."

सल्लागाराने तक्त्याच्या सातही ओळींवरून बोट फिरवलं. "मनगटासाठी ओळच ठेवली नाहीये मी," तो हळूच म्हणाला.

"शब्दांचा कीस नंतर काढा," अधीक्षक म्हणाले. "चला."

शंभर गुणवाला पहिला आला. ट्यूब उचलली, थर्मामीटर झटकावा तशी झटकली, उजेडात धरली. "जुळतं. जुळतं. जुळत नाही. जुळतं. जुळतं." एका मिनिटात मोकळा. चौथी कच्ची होती. दाढीवाल्याने कागदावर फुली मारली.

सत्त्याण्णववाली जपून होती, पण तिला धीर नव्हता. बटण लवकर सुटेना म्हणून तिने ट्यूबला टिचकी मारली. "टिचकी कुठे शिकवली होती?" बाईंनी विचारलं. "ते... आपोआप गेली, बाई." फुली. अठ्ठ्याण्णववाल्याचंही तेच झालं. त्याला फुली दिसल्यावर तो चक्क म्हणाला, "पण पडद्यावर मला ही बरोबर आली होती!"

चौथी शिकाऊ चाळिशीची होती. घरातल्या जबाबदाऱ्यांत बरीच वर्षं गेल्यावर कामावर परतलेली. बाकीचे तिघं तिला वहिनी म्हणत. संगणकाचा माऊस तिला नीट हलवता येत नसे, बटणं चुकीची दाबली जात. एकाहत्तर गुण तिचेच. तिने पहिली ट्यूब धरली आणि इतकी सावकाश तिरकी केली की अधीक्षकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"वहिनी, दुपारचं जेवण इथेच मागवू का?" शंभरवाला पुटपुटला.

"मागव. बिल तुझ्या शंभर गुणांत वळतं कर," वहिनी ट्यूबवरून नजर न हलवता म्हणाली.

दुसऱ्या ट्यूबला तिने श्वास रोखला. पेशी तळापासून सुटायला लागल्या. "ही... जुळत नाही. कडेला रवाळ येतंय. अगदी बारीक."

दाढीवाल्याने बरोबरची खूण केली. पाचही बरोबर.

"कुठे शिकलीस हे?" बाईंनी विचारलं.

"कुठे नाही हो बाई. सासूबाई आठ वर्षं अंथरुणाला होत्या. चमच्याने औषध पाजायचे. थेंब सांडला की बोलणी."

सगळे हसले. सल्लागाराने स्वतःहून कोट चढवला आणि एक संच मागितला. त्यानेही कच्ची मोडली. "अरे, होती हो इथे! मला दिसली होती आत्ता!" तो ट्यूब उजेडात फिरवत म्हणाला, आणि फिरवल्यामुळे उरलंसुरलंही विरलं.

अधीक्षक मात्र हसत नव्हते. "पाचातून एकाला जमलं. याला मी परीक्षा म्हणू की लॉटरी? बाई, तुम्ही स्वतः करून दाखवा. तुम्हाला जमलं तर मी पुढे एक अक्षर बोलणार नाही."

दाढीवाला एकदम टेबल पुसायला लागला. "सर, बाई तर परीक्षक..."

"संच उरलाय का?" बाईंनी विचारलं.

तो थांबला. "एक वेगळा काढून ठेवला होता, बाई." मग अगदी खाली आवाजात, "नोंदवहीत तुमची जागा कोरी दिसली म्हणून."

म्हणजे याच्या लक्षात आलं होतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली नाही. त्यांना त्याचा राग आला नाही. असंच तर शिकवलं होतं त्याला.

"ठेव," त्या म्हणाल्या.

त्या स्टुलावर बसल्या. कोपर टेबलाला टेकवलं. पहिली जुळली, दुसरी जुळली. तिसरी तिरकी करताना बटणाच्या कडेला काहीतरी खरखरीत दिसलं. तेवढ्यात मनगटातून ती बारीक थरथर गेली, कपातून जायची तशीच, आणि ट्यूबमध्ये तांबूस धूर पसरला. सारखा, गुळगुळीत. कोणीही शपथेवर 'जुळतं' म्हटलं असतं.

बाईंनी ट्यूब रॅकमध्ये ठेवली. उरलेल्या दोन उचलल्या नाहीत.

"तिसरी माझ्याकडून मोडली," त्या म्हणाल्या.

"बघा!" अधीक्षक म्हणाले. आवाजात विजय कमी होता, सुटका जास्त. "एकतीस वर्षांच्या अनुभवाला जे जमत नाही, ते तुम्ही नवख्यांकडून मागताय. परीक्षाच चुकीची आहे. द्या ती प्रमाणपत्रं, विषय संपवू."

"परीक्षा चुकीची असती तर वहिनीने पाच बरोबर सांगितल्या नसत्या," बाई म्हणाल्या. "परीक्षा बरोबर आहे. माझा हात गेलाय."

"बाई, असं नका..."

"थांबा, माझं पूर्ण होऊ दे. गेल्या सोमवारी मी पण तुमची पडद्यावरची परीक्षा दिली. सल्लागारांना विचारा."

सल्लागाराने मान हलवली. "शंभर," तो म्हणाला. "शंभरपैकी शंभर."

"पडद्याने मला आज पात्र ठरवलं असतं. येत्या सोमवारी नव्या विभागासाठी मीच ट्यूब बघितली असती आणि खाली 'जुळतं' म्हणून सही ठोकली असती. या तिघांनी पण. तुम्हाला चार माणसं हवीत ना? असली किती हवीत?"

बाईंनी कपाटातून नोंदवही काढली, यंदाचं पान उघडलं आणि आपल्या नावापुढच्या कोऱ्या जागेत तारीख घातली. अक्षर हललं. त्यांनी पुढे लिहिलं, 'अपात्र', आणि कोणी मागून वाचायच्या आत वही स्वतःच सगळ्यांकडे वळवून धरली.

"आता नियमाप्रमाणे माझी सही कुठेच चालत नाही. वहिनीच्या कागदावरसुद्धा."

अधीक्षक दाढीवाल्याकडे वळले. "तुम्ही आहात ना उत्तीर्ण? करा सह्या. चारही."

दाढीवाल्याने खिशातून पेन काढलं. वहिनीचं प्रमाणपत्र वेगळं केलं आणि त्यावर सही केली, तारखेसकट. उरलेले तीन कागद एकावर एक नीट रचून अधीक्षकांपुढे सरकवले.

"या तिघांच्या तीन आठवड्यांनी करतो, सर."

"हा हुकूम आहे."

"हो सर. तीन आठवड्यांनी."

अधीक्षकांनी तिन्ही कागद उचलले, दुमडले आणि ते निघाले. दारात थांबून, मागे न वळता म्हणाले, "तोवर जादा पाळ्या कोण करणार ते लिहून द्या मला."

"मी," दाढीवाला म्हणाला.

"मी पण," वहिनी म्हणाली. "फक्त घरी फोन करते आधी."

*

सोमवारी नवा विभाग अर्धाच उघडला. सल्लागाराचा सुधारलेला तक्ता आला. शेवटच्या ओळीत तिन्ही रकान्यांत 'न मोडता' होतं, आणि वेळेच्या ओळीतला दोनाचा आकडा खोडला होता. नवा आकडा त्याने पेन्सिलीने लिहिला होता. कडेला प्रश्नचिन्ह होतं, बाईंसाठी.

खिडकीजवळचं स्टूल एकतीस वर्षं बाईंचं होतं. सकाळी त्यांनी त्यावरची आपली पातळ उशी उचलली, झटकली आणि वहिनीला म्हणाल्या, "उजेड इथे चांगला येतो. बस."

"बाई, तुम्ही?"

"मला उभं राहायला आवडतं."

तिघं शिकाऊ टेबलाशी ओळीने बसले. बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, दोन्ही हात कोटाच्या खिशात. एका ट्यूबलाही त्यांनी हात लावला नाही. फक्त आवाज.

"अंगठा सैल. अजून सैल. ती पळून जात नाहीये कुठे."

"हे एवढं पुरे, बाई?"

"निम्म्याने कमी कर. आणि श्वास घे रे, तुझ्या श्वासाने नाही मोडत ती."

शंभरवाल्याने ट्यूब तिरकी केली. गुठळी मोडली. त्याने दुसरी ट्यूब उचलली.

"सावकाश," बाई म्हणाल्या.

कोटाच्या खिशात त्यांच्या बोटांत एक रिकामी ट्यूब होती. तो ट्यूब जितकी कलवी, तितकीच त्याही खिशातल्या खिशात कलवत होत्या. ती थरथरत होती. पण तिच्यात मोडण्यासारखं काही नव्हतं.